शाळवातले पिवळे भारीट कसे ओळखावे

इंग्लंडच्या कुंपणांवर गाणारा पिवळा यलोहॅमर पक्षी आपल्याकडे येत नाही. त्याचा भाऊबंद, काळ्या डोक्याचा भारीट, मात्र आग्नेय युरोप आणि इराणकडून थंडीत येतो. त्यासाठी बेळगावच्या उत्तर-ईशान्येकडची काळी रानं धरा: अथणी, चिकोडी, गोकाक. खानापूरच्या झाडीत वेळ घालवू नका.

शाळू दाण्यात आला की जा, तेही सूर्य उगवल्यापासून दोनेक तासांत. पिकात शिरायचं नाही. शेतमालकाला विचारून बांधावर, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहा. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. कणसांमागे धावू नका, बांधावरच्या बाभळीवर नजर ठेवा. गोफणीचा दगड सुटला की थवा उठून तिथंच बसतो. राखणदार वैतागतो, आपलं काम होतं!

चूक होते ती डोक्यावरून. नाव काळ्या डोक्याचं, पण हिवाळ्यात पिसांच्या मातकट कडांनी काळं झाकलेलं असतं. त्या कडा झिजतात तसं फेब्रुवारी-मार्चमध्ये डोकं काळंभोर दिसू लागतं. तोवर पिवळं पोट, तांबूस पाठ बघा. चिमणीपेक्षा मोठा, शेपूट लांब. सुगरणीची शेपूट आखूड. यलोहॅमरच्या शेपटीला कडेला पांढरं असतं, याच्या नसतं.

मादी मातकट असते. लाल डोक्याच्या भारिटाची मादी जवळपास तशीच, तेव्हा नर दिसेपर्यंत वहीत नुसतं ‘भारीट’ लिहा.