लहान मुलांच्या सौम्य कांजिण्या ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या बाकावर अंगावर पुरळ उठलेली लेकरे दिसू लागतात. थंडी ओसरल्यापासून मे महिन्यापर्यंतचा काळ हा कांजिण्यांचा. त्याच दिवसांत मराठवाड्यात पारा चाळिशीकडे सरकतो, घामोळ्या उठतात, डास आणि पिसवा चावतात, आणि साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे कित्येक महिने पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांत, दाटीवाटीने राहून गावी परततात. एवढ्या सगळ्या कारणांच्या गर्दीत भरभरून आलेल्या कांजिण्या कोणतीही आजी उंबऱ्यातूनच ओळखते. चूक होते ती पाच-दहा फोडांच्या कांजिण्यांत. ते लेकरू खेळत असते, जेवत असते, ताप असला तर अंग कोमट लागण्याइतकाच असतो, आणि म्हणून कोणाला शंकाही येत नाही. त्या लेकराचे बहुधा काहीच बिघडत नाही, पण त्याच्या शेजारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळाचे किंवा घरातल्या गरोदर बाईचे बिघडू शकते, आणि माझ्या सगळ्या आग्रहाचे कारण तेच आहे.

फोडांची संख्या पाहून निर्णय करणे

“तीनच तर फोड आहेत, कांजिण्या असत्या तर सगळं अंग भरलं नसतं का?” हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर साधारणपणे २५० ते ५०० फोड येतात हे खरे, पण लस घेतलेल्या मुलाला पुढे कांजिण्या झाल्याच तर त्या बहुतेक वेळा ५० पेक्षा कमी असतात, ताप नसतो किंवा नावापुरता असतो, आणि कित्येक ठिपके पाण्याने भरतच नाहीत. ते लालसर उंचवटे म्हणून येतात आणि तसेच विरून जातात. काही महिन्यांच्या बाळालाही आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे अगदी हलक्या कांजिण्या येऊ शकतात. अशा बाळाला “एकदा होऊन गेल्या, आता पुन्हा होणार नाहीत” असे म्हणून सोडू नये, कारण इतक्या लहानपणी झालेल्या हलक्या आजाराने आलेली प्रतिकारशक्ती पुढे टिकेलच असे नसते.

संख्येपेक्षा अवस्था पाहाव्यात. कांजिण्यांचा ठिपका स्थिर राहत नाही. सकाळी सपाट दिसलेला लालसर डाग काही तासांत हाताला लागण्याइतका उंच होतो, पुढे त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा तसा पातळ सालीचा फोड येतो, एक-दोन दिवसांत तो गढूळ होतो, मध्ये दबतो आणि त्यावर खपली धरते. तोवर शेजारी नवे ठिपके उठलेले असतात, कारण कांजिण्या एका दमात न येता तीन ते पाच दिवस टप्प्याटप्प्याने येतात. म्हणून एकाच तळहाताएवढ्या जागेत डाग, पाणफोड आणि खपली अशा तिन्ही अवस्था एकाच वेळी दिसल्या, तर फोड सहा असोत की साठ, कांजिण्यांचाच विचार आधी करावा. शंका असेल तर एका ताज्या ठिपक्याभोवती बॉलपेनने बारीक गोल काढावा, उजेडात मोबाइलवर फोटो घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहावे. ठिपका बदलला तर उत्तर जवळपास मिळाले. बदलला नाही तर मात्र, विशेषतः लस झालेल्या मुलात, कांजिण्या नाहीतच असे समजू नये.

सदरा वर करून पोट पाहणे आणि तिथेच थांबणे

गेल्या काही वर्षांतली एक मुलगी मला विसरता येत नाही. वय तीन वर्षे, शेतातल्या वस्तीवरून आईच्या कडेवर आलेली. कंबरेच्या नाडीलगत चार ठिपके होते आणि आईचे म्हणणे होते की बाजेवर झोपल्यामुळे काहीतरी चावले असेल. ठिपके खरोखरच चाव्यासारखे होते. मुलीला दाराशी उजेडात उभे केले, तेल लावून घट्ट घातलेली वेणी सोडवली आणि बोटाने भांग पाडत गेलो, तेव्हा कानामागे एक आणि टाळूजवळ दोन असे मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठे, काचेसारखे चकाकणारे पाणफोड सापडले. त्यातला एक फणीने आधीच फुटलेला होता. तोंड उघडायला लावल्यावर टाळ्यावरही एक पांढुरका व्रण दिसला. डास केसांच्या आत आणि तोंडाच्या टाळ्यावर चावत नाही. त्यानंतर मी घरात आणखी कोण आहे असे विचारले, तेव्हा कळले की मुलीची आत्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे आणि पंधरा दिवसांपासून ही मुलगी तिच्याच कुशीत झोपते आहे.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे: डोके, कानामागची जागा, तोंड, पाठ, पोट, जांघा आणि सर्वांत शेवटी हातपाय. कांजिण्या धडावर, चेहऱ्यावर आणि केसांत दाट असतात आणि हातापायांकडे विरळ होत जातात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे ट्यूबलाइटखाली पाहण्यापेक्षा दाराशी किंवा अंगणात पाहावे आणि बोटाचे टोक हलके फिरवून उंचवटा लागतो का ते तपासावे.

दुसऱ्याच आजाराचे नाव देणे

सर्वांत जास्त गल्लत घामोळ्यांशी होते. घामोळ्या मानेवर, काखेत, पाठीवर, जिथे घाम साचतो आणि कपडा घासतो तिथे, एकसारख्या आकाराच्या, बारीक आणि दाट उठतात. लेकराला हवेशीर जागी ठेवून सुती कपडे घातले की त्या एक-दोन दिवसांत बसू लागतात. कांजिण्यांचे फोड वेगवेगळ्या आकाराचे, एकमेकांपासून सुटे असतात आणि पंख्याखाली झोपवल्याने बसत नाहीत. डासांचे व पिसवांचे चावे उघड्या हातापायांवर, अनेकदा एका ओळीत किंवा पुंजक्याने असतात आणि दर काही दिवसांनी नवे येत राहतात.

गोवराशी होणारी गल्लत अधिक गंभीर आहे, कारण गोवर मुळातच जास्त घातक आहे; २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावात झालेला त्याचा उद्रेक अनेकांना आठवत असेल. गोवरात आधी तीन-चार दिवस चढा ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे असतात, मग पुरळ कानामागून व केसांच्या कडेपासून सुरू होऊन खाली उतरते, आणि त्यात पाणी भरत नाही. तळहात, तळपाय आणि तोंडातच फोड असतील तर हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार आठवावा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, रात्री जीव काढणारी खाज आणि घरातल्या इतरांनाही तीच तक्रार असेल तर खरूज. नाकाखाली मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या असतील तर तो जिवाणूंचा त्वचारोग असतो आणि त्याचे औषध वेगळे आहे.

“गोवराचे इंजेक्शन दिले आहे” यावर विसंबणे

सरकारी लसीकरणात ९ महिन्यांनी आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मिळणारी लस गोवर आणि रुबेलाची आहे. तिचा कांजिण्यांशी संबंध नाही. कांजिण्यांची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे ती बहुधा खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्यावी लागते, आणि वस्तीवरच्या बहुतेक आयांनी तिचे नावही ऐकलेले नसते; यात त्यांचा दोष नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना वयाच्या १५ व्या महिन्यात पहिला आणि साधारण तीन महिन्यांनी दुसरा डोस सुचवते. एका डोसाने संरक्षण मिळते पण अपुरे, म्हणून एकच डोस झालेल्या मुलाच्या अंगावर ठिपके दिसले तर “लस झाली आहे” एवढ्यावर कांजिण्यांची शक्यता खोडू नये. लसीकरणाचे कार्ड सोबत आणावे आणि त्यावरचे नाव वाचून घ्यावे.

“गावात कोणालाच नाहीत, मग याला कुठून?”

कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, त्यामुळे ज्या लग्नात किंवा जत्रेत लागण झाली ती घरचे विसरून गेलेले असतात. शिवाय पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल इतरांना आजार देऊ शकते. आणखी एक उगम घरातच असतो आणि तो कोणाच्या ध्यानात येत नाही: आजोबांच्या कमरेला उठलेली नागीण. नागीण आणि कांजिण्या एकाच विषाणूच्या. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या मज्जातंतूंत तो विषाणू वर्षानुवर्षे दबून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो. तिच्या फोडांतल्या पाण्याशी संपर्क आला तर नातवाला कांजिण्या होतात. म्हणून माझ्याकडे नागिणीचा रुग्ण आला की मी त्यांना घरातल्या लेकरांविषयी आवर्जून विचारतो, आणि फोड कपड्याने झाकून ठेवायला सांगतो.

दाखवण्याआधीच लेप आणि ट्यूब लावणे

हळद, कडुलिंबाच्या पाल्याचा लगदा किंवा जांभळे औषध फासून आणलेल्या अंगावर ठिपका कोणत्या अवस्थेत आहे हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. मेडिकलमधून खाजेसाठी म्हणून आणलेली मलमाची ट्यूब तर त्याहून वाईट, कारण अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते आणि ते कातडीची विषाणूशी लढण्याची ताकद कमी करते. खाज कमी करायला कॅलामाइन लोशन पुरते. नखे कापावीत, आणि तान्ह्या बाळाच्या हाताला रात्री सुती मोजे घालावेत.

तापासाठी ॲस्पिरिन मुळीच देऊ नये; कांजिण्यांत ते दिल्याने मेंदू आणि यकृतावर आघात करणारा, क्वचित होणारा पण जीवघेणा आजार होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावे, कारण त्याचा संबंध कातडीच्या खोल जिवाणूसंसर्गाशी आढळला आहे, आणि ते पॅरासिटामॉलसोबत एकत्र केलेल्या तापाच्या पातळ औषधातही असते, म्हणून बाटलीवरची अक्षरे वाचावीत. वजनाप्रमाणे ठरवून दिलेले साधे पॅरासिटामॉल पुरेसे असते.

“देवीचं आहे, पाणी लावू नका”

या समजुतीमागची भक्ती मी समजू शकतो, आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा लावून लेकराला वेगळे ठेवण्याच्या चालीने तर साथ रोखायला मदतच होते. परंतु ज्या देवीच्या रोगामुळे हे सारे नेम पडले, तो रोग जगातून गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. कांजिण्यांचा विषाणू निराळा आहे. आठ-आठ दिवस अंघोळ न घालता, जाड गोधडीत, बंद खोलीत ठेवलेल्या लेकराचे फोड घामाने आणि मळाने चिघळतात आणि मग कायमचे व्रण राहतात. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात भरपूर पाणी नसते हे मला माहीत आहे, पण तांब्याभर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने न घासता अंग टिपून घेतले तरी चालते. वरणभात, ताक, मऊ खिचडी, जे लेकरू खाईल ते द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये.

सौम्य आहे म्हणून अंगणवाडीत पाठवणे

थोडेच फोड असलेली मुले तुलनेने कमी संसर्ग देतात, पण देतात. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पुरळ उठल्यापासून पाच ते सात दिवस, मुलाला घरी ठेवावे. फोडात पाणी भरलेच नाही अशा लस झालेल्या मुलांना सलग २४ तास एकही नवा ठिपका न उठेपर्यंत. बाळंतपणाला आलेली लेक, ओली बाळंतीण, नवजात बाळ, कर्करोगावर किंवा मूत्रपिंडाच्या सुजेवर स्टेरॉइडचे उपचार घेणारे मूल यांपैकी कोणी घरात असेल, तर पुरळाची नुसती शंका आली तरी त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. संपर्कानंतर पहिल्या काही दिवसांतच देता येणारे प्रतिपिंडांचे इंजेक्शन मोठ्या रुग्णालयात मिळू शकते, आणि त्यात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. त्या तीन वर्षांच्या मुलीच्या आत्याला मी त्याच दुपारी जिल्ह्याला पाठवले होते.

हलके आहे म्हणून लक्ष काढून घेणे

उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा चार दिवसांपलीकडे राहिला, एखाद्या फोडाभोवतीची जागा लाल, गरम, सुजलेली आणि दुखरी झाली, लेकराला धाप लागली, ते सुस्त पडले, सारख्या उलट्या करू लागले, चालताना झोकांड्या खाऊ लागले, मान ताठ झाली किंवा फोडांत रक्त उतरले, तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नये.

आणि घरात दुसरे मूल असेल तर पहिल्याला पुरळ उठले ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दुसऱ्याला कांजिण्या झालेल्या नसतील आणि त्याचे वय बसत असेल, तर संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा हलका करू शकते. ती वेळ टळली असेल तर दहाव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत रोज अंघोळ घालताना त्याची पाठ, पोट आणि केसांतली कातडी पाहावी, कारण घरातल्या दुसऱ्या मुलाला, सतत जवळ राहिल्यामुळे, पहिल्यापेक्षा जोरात कांजिण्या येण्याचा संभव असतो.