हत्तींच्या निवारा केंद्राला भेट द्यायची असेल तर: ठिकाण कसं पारखायचं, तिथे कसं वागायचं

हत्ती बघायला जायचं ठरवून इंटरनेटवर शोध घेतला की दहा मिनिटांत पाच-सहा ‘एलिफंट सँक्च्युरी’ समोर येतात. काहींच्या फोटोंत पाठीवर बसलेले पर्यटक असतात, काहींत सोंडेने पाणी उडवणारा हत्ती, काहींत गंडस्थळावर काढलेली रंगीत वेलबुट्टी. नाव मात्र सगळ्यांचं एकच. म्हणून सुरुवात नावापासून. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘अभयारण्य’ म्हणजे सरकारने अधिसूचना काढून जाहीर केलेलं वन्यप्राण्यांचं क्षेत्र. एखाद्याने आपल्या फार्महाऊसवर ‘सँक्च्युरी’ अशी पाटी लावली तर तिला या कायद्यात काही अर्थ नाही. त्यामुळे पाटी बाजूला ठेवा आणि तिथे हत्तीचा दिवस कसा जातो ते बघा.

पाळीव हत्ती दिसतात अशा जागा ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या. पहिली, सुटका केलेल्या हत्तींना मरेपर्यंत सांभाळणारी केंद्रं. उत्तर प्रदेशात मथुरा जिल्ह्यातल्या फरहजवळ, चुरमुरा गावी ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेचं केंद्र २०१० पासून चालू आहे आणि २०१८ मध्ये तिथेच हत्तींचं स्वतंत्र रुग्णालय सुरू झालं. दुसरी, वनखात्याच्या छावण्या. आपल्याकडे गडचिरोलीत कमलापूर, कर्नाटकात दुबारे आणि सक्रेबैलू, तमिळनाडूत मुदुमलैतलं तेप्पकाडू. हे हत्ती पूर्वी लाकूड ओढायला होते. आता बऱ्याच ठिकाणी गस्त आणि रानटी हत्ती हुसकावणं हे त्यांचं काम. छावणी म्हणजे निवारा केंद्र नव्हे, पण तिथे जाण्यात गैर काही नाही. फक्त पर्यटकांसाठी काय काय चालतं ते बघून ठरवा. तिसरी तऱ्हा सवारीची, आणि तिच्या वाटेला जाऊ नये.

सवारी का नको, हे नीट कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. हत्तीच्या मणक्यांची टोकं वर निघालेली असतात आणि त्यांच्यावर कातडी व थोडंच मांस असतं. घोड्याच्या पाठीसारखी ही सपाट बैठक नाही. हौद्याचं वजन आणि आवळलेल्या दोरांचं घर्षण त्या टोकांवर रोज होत राहिलं की कातडी सोलवटते, पू धरतो, आणि ती जखम झुलीखाली झाकलेली असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. त्यात डांबरी रस्ता. पण सगळ्यात मोठी गोष्ट सवारीच्या कितीतरी आधी घडलेली असते. अनोळखी माणसाला पाठीवर घेणं हत्तीला उपजत येत नाही. त्यासाठी त्याला लहानपणी आईपासून तोडून, बांधून, अंकुशाच्या धाकाने वळवलेलं असतं. सोंड डोक्यावर ठेवून ‘आशीर्वाद’ देणं, मागच्या पायांवर उभं राहणं, चित्र काढणं यांचीही गोष्ट तीच.

आता फोन उचला. खालचे प्रश्न विचारायला पाच मिनिटं पुरतात आणि चांगल्या केंद्रातली माणसं उत्तरं द्यायला कंटाळत नाहीत.

हत्ती आले कुठून? सरकारी जप्ती, न्यायालयाचा आदेश किंवा मालकाने आपणहून सोपवणं, यांतलं काहीतरी उत्तर यायला हवं. ‘आम्ही सर्कसवाल्याकडून विकत घेऊन सोडवला’ असं कोणी अभिमानाने सांगितलं तर थांबा. पाळीव हत्तीची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. शिवाय विकणाऱ्याच्या हातात पैसे पडले की तो दुसरा हत्ती शोधायला मोकळा होतो. पुष्कळदा असा व्यवहार कागदावर ‘भेट’ म्हणून दाखवतात. बाळगलेल्या प्रत्येक हत्तीचं मालकी प्रमाणपत्र आणि अंगात मायक्रोचिप असायला हवी, त्याबद्दलही विचारा.

पिल्लं आहेत का? हत्तिणीचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा असतो आणि पिल्लू पुढची काही वर्षं आईला सोडत नाही. निवारा केंद्रात नर-माद्या अशा ठेवतात की नवीन पिल्लं होऊ नयेत, कारण बंदिवासात जन्मलेल्या हत्तीला पुढची साठ वर्षं जागा कुठली द्यायची? म्हणून पर्यटकांपुढे मिरवायला पिल्लू ठेवलेलं असेल तर ते धोक्याचं लक्षण. अपवाद सरकारी केंद्रांचा: तेप्पकाडू किंवा केरळातलं कोट्टूर इथे जंगलात आईपासून तुटलेली पिल्लं वाढवतात.

आंघोळ घालायला मिळेल का? ‘हो, वेगळे पैसे पडतील’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. दिवसातून चार तुकड्या येणार, म्हणजे हत्तीला चार वेळा पाण्यात आडवं पडायला लावणार, मग त्याला हवं असो वा नसो. आणि अनोळखी पंधरा माणसांत चार टनांचा प्राणी शांत पडून राहावा म्हणून कोणीतरी काठी किंवा अंकुश घेऊन शेजारी उभा असतोच.

रात्री हत्ती कुठे असतात? मातीच्या जमिनीवर, कुंपणात मोकळे, जमल्यास सोबतीला दुसरा हत्ती, हे उत्तम. सिमेंटवर दोन पायांना साखळदंड, हे वाईट. काही वनछावण्यांत पायाला लांब साखळी ठेवून रात्री जंगलात चरायला सोडतात; ते आदर्श नाही, पण खुंट्याला बांधण्यापेक्षा पुष्कळ बरं.

एका वेळी किती पाहुणे आत घेता आणि सोबत कोण असतं? मोजके पाहुणे, ठरलेली वेळ, सोबत केंद्राचा माणूस, हे ऐकायला मिळालं तर पुढचं बुकिंग करा.

फोनवर समाधान झालं तरी नकाशावर लोकांनी टाकलेले फोटो बघाच. संस्थेने निवडून टाकलेल्या फोटोंपेक्षा ते जास्त बोलतात. सगळ्यात नवे फोटो आधी उघडा आणि हत्तीपेक्षा त्याच्या शेजारच्या माणसाच्या हाताकडे बघा. मग हत्तीच्या घोट्याजवळची कातडी बघा. साखळीने तिथे गुळगुळीत, काळपट वळ किंवा ओली जखम झालेली असते. अंकुशाच्या खुणा कानामागे आणि गंडस्थळापाशी सापडतात.

इथे बरेच चांगले लोक चुकीचा निष्कर्ष काढतात, म्हणून थोडं सविस्तर. सोंडेवर आणि कानांच्या कडेला गुलाबी-पांढरट ठिपके दिसले तर तो रोग नाही. आशियाई हत्तीत वयाबरोबर असा रंग जातोच. अंगभर माती-धूळ हे तर सुदृढ दिनक्रमाचं लक्षण, कारण ऊन आणि माश्यांपासून वाचायला हत्ती ती स्वतः उडवून घेतो. एका जागी उभं राहून सतत डोलणं, मान हलवणं हे बांधून ठेवल्याने लागलेलं वळण आहे, पण सुटका झाल्यावरही ते कित्येक वर्षं जात नाही. तेव्हा चांगल्या केंद्रातही एखादी म्हातारी हत्तीण डोलताना दिसली तर लगेच केंद्राला दोष देऊ नका. ती कुठून, कधी आली ते विचारा. मदात आलेल्या, म्हणजे माजावर येऊन बेफाम झालेल्या नराला काही आठवडे वेगळं ठेवतात. डोळा आणि कान यांच्या मध्ये, गंडस्थळापाशी काळपट ओघळ दिसेल. त्या काळात तो कोणाचाच नसतो, माहुताचाही नाही.

चुरमुऱ्याला जायचं असेल तर ते आग्रा आणि मथुरा यांच्या मधे पडतं. आग्र्याहून मोटारीने साधारण पाऊण तास धरा. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि मुंबईहून पंजाब मेल आग्रा कँट व मथुरा या दोन्ही स्थानकांवर थांबतात. बुकिंग आधी करावंच लागतं, आयत्या वेळी दारात जाऊन प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. भेटीला दोन तास मोकळे ठेवा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तो दिवस हत्तींना द्यायला सोयीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम. मे-जूनमध्ये तिथलं ऊन सोसत नाही आणि हत्तीही दुपारभर सावलीत नाहीतर पाण्यात असतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून त्या महिन्यांत सकाळची वेळ घेऊ नका.

टूर कंपनीकडून आग्रा-जयपूर करणार असाल तर कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. आमेरच्या किल्ल्यावरची हत्तीची सवारी त्यात पुष्कळदा न विचारता घातलेली असते. एजंटला ती लेखी काढायला सांगा. किल्ल्यावर चालत जाता येतं, जीपही मिळते.

कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. बूट बंद. अत्तर, डिओ टाळा. हत्तीचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं तीक्ष्ण आहे. पिशवीत केळी, गूळ, लाडू ठेवू नका. ड्रोन घरी ठेवा. खोकला किंवा ताप असेल तर भेट पुढे ढकला. हा नुसता शिष्टाचार नाही: माणसाचा क्षय हत्तीला होतो आणि हत्तीचा माणसाला, आणि हत्तीला त्याची औषधं महिनोन्‌महिने द्यावी लागतात.

आत गेल्यावर माहूत किंवा मार्गदर्शक जिथे थांबवेल तिथे थांबा. हत्तीच्या पाठीमागून येऊ नका. त्याची नजर बेताची असते, त्यामुळे मागून अचानक आलेलं काहीही त्याला दचकवतं. कान ताठ पसरलेले, सोंड आत वळवलेली, शेपूट ताठ अशी उभी मूर्ती दिसली तर आवाज न करता मागे सरा. कान सुपासारखे संथ हलत असतील आणि सोंड चाऱ्यात गुंतली असेल तर सगळं ठीक आहे.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. हत्ती दिसला की आपला हात आपोआप जोडला जातो, तोंडून ‘बाप्पा मोरया’ निघतं. श्रद्धा मनात राहू द्या, पण पायाला हात लावायला पुढे होऊ नका, नाणं देऊ नका, लेकराला सोंडेखालून काढू नका. यातल्या बहुतेक हत्तींनी आधीची सगळी वर्षं रस्त्यावर किंवा देवळाच्या दारात हेच केलेलं असतं. प्रसादाच्या गोडाने पोट बिघडलेले, वजन वाढलेले हत्ती याच केंद्रांत उपचाराला येतात. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो, आणि तो हिरवा, तंतुमय चारा हवा. खिरापतीने ती भूक भागत नाही.

वेळ जुळली तर पायांची निगा बघायला विचारा. बंदिवासातल्या हत्तीचा जीव पायांत असतो. तळव्याच्या आत चरबीची जाड गादी असते आणि वरची कातडी उन्हात सुकलेल्या तळ्यासारखी भेगाळलेली. भेगा असायच्याच, पण डांबरावर आणि मुतात भिजलेल्या सिमेंटवर उभं राहून त्यांत खडे, काचा रुततात, घाण साठते, मग नखाच्या मुळाशी पू होतो. चांगल्या केंद्रात हे काम लोखंडी कठड्याच्या आडून चालतं. माहूत हाक मारतो, हत्तीण कठड्याच्या खालच्या आडव्या नळीवर पाय आणून ठेवते. कोमट पाण्यात जंतुनाशक घालून पाय शेकतात, भेगांतले खडे टोकदार आकड्याने काढतात, वाढलेलं नख कानशीने घासतात, मलम लावतात. दर दोन-तीन मिनिटांनी एक कलिंगडाची फोड. यात बघायचं ते एवढंच: तिने मधेच पाय काढून घेतला तर काय होतं? माहूत थांबून पुन्हा हाक मारत असेल, तर तुम्ही योग्य जागी आला आहात. तो ओरडत असेल किंवा काठी उचलत असेल, तर भिंतीवरचे फलक काहीही म्हणोत.

शुल्क किंवा देणगी दिली की पावती मागा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत असेल तर ती तसं पावतीवर लिहिते. दुरून मदत करायची असेल तर एखाद्या हत्तीच्या चाऱ्या-औषधाचा महिन्याचा खर्च उचलण्याची सोय आहे का ते विचारा.

परतीच्या प्रवासात किंवा आपल्या गावात जखमी, रस्त्यावर फिरवला जाणारा हत्ती दिसला तर माहुताशी वाद घालू नका. तुम्ही गेल्यावर त्याचा राग हत्तीवर निघतो, आणि तो हत्ती रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात जातो. महाराष्ट्रात वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे, इतर राज्यांत जिल्ह्याच्या वन कार्यालयाला कळवा. जागा, वेळ, हत्ती कुठल्या दिशेने गेला ते सांगा. फोटो दुरून काढा: एक पूर्ण अंगाचा, एक पायांचा, आणि दोन्ही कानांचा एकेक. मायक्रोचिप बाहेरून दिसत नाही, पण कानाची फाटलेली कड, त्यावरचे गुलाबी ठिपके आणि शेपटीचा गोंडा प्रत्येक हत्तीचा वेगळा असतो. हत्तीला दुसरीकडे हलवलं, नाव बदललं, तरी त्यावरून तो पुन्हा ओळखता येतो.