फांदी आधी, पक्षी नंतर: परसात आणि प्रवासात पक्ष्यांचे फोटो

पक्ष्याचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा लेन्स लहान पडली म्हणून नव्हे. पक्षी दिसला की आपण त्याच्या मागे धावतो. ऊन कुठल्या बाजूने येतंय आणि पक्ष्याच्या मागे काय आहे, हे पाहायचं राहून जातं. जागा आधी ठरवायची आणि पक्ष्याला तिथे येऊ द्यायचं, हीच खरी रीत. ती शिकायला परसासारखी जागा नाही, कारण तिथे फांदी आणि पाणी कुठे असावं हे आपल्या हातात असतं.

परसातली मांडणी

मातीचं पसरट परळ घ्या, एक-सव्वा फूट रुंद. पाणी तीन-चार सेंटिमीटरच भरा आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. खोल पाण्यात बुलबुल, चष्मेवाला उतरत नाहीत. दगडावर टेकून मग पाण्याकडे वळतात. स्टीलचं भांडं टाळा, सांगलीच्या एप्रिलमधल्या उन्हात ते तापतं आणि फोटोत पांढरा डाग होऊन चमकतं. परळ जमिनीपासून चार फूट उंच असावं आणि आजूबाजूला सहा-सात फुटांत मांजराला दबा धरता येईल अशी दाट कुंडी किंवा झुडूप नसावं. पाणी रोज बदला, दोन दिवसांआड काथ्याने घासा, साबण लावू नका. आठवडाभर तेच पाणी राहिलं तर डासांच्या अळ्या होतात.

पण फोटो परळावरचा काढायचा नाही. परळापासून दीड-दोन फुटांवर, थोडी उंच, अंगठ्याएवढी जाड वाळकी फांदी रोवा. बोर किंवा बाभूळ चालते. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेतून काढलेल्या जुन्या वेलाचा सालपट सुटलेला तुकडा तर फारच देखणा दिसतो. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या फांदीवर बसून दोन-तीन सेकंद चौफेर बघतो. आपला फोटो त्या दोन-तीन सेकंदांतला.

आता अंतरं. कॅमेऱ्यापासून फांदी तीन ते चार मीटर आणि फांदीपासून मागची भिंत किंवा झाड किमान पाच मीटर. पार्श्वभूमी जितकी लांब तितकी ती विरघळून एकसारखी होते. फांदीच्या मागे फूटभरावर कढीपत्ता असेल तर कितीही महाग लेन्स लावा, पानांची गिचमिड दिसणारच. १५०–६०० मिमीच्या लेन्सला साधारण अडीच मीटरच्या आत फोकसच होत नाही, तेव्हा फार जवळही बसू नका. फांदी अशी लावा की सकाळी साडेनऊपर्यंत ऊन तुमच्या पाठीमागून येईल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे मे महिन्यात नीट लावलेली फांदी डिसेंबरात सावलीत जाऊ शकते. ती हलवावी लागते.

आडोशाला रोपवाटिकेची हिरवी शेडनेट दुहेरी करून दोन बांबूंना बांधा. फोटो काढण्याआधी ती तीन-चार दिवस तशीच राहू द्या, पक्ष्यांना सवय होते. खिडकीतून काढत असाल तर काच उघडा. उघडत नसेल तर खोलीतला दिवा बंद करून लेन्सच्या तोंडावरचं हूड काचेला सरळ टेकवा. काचेतून तिरका फोटो मऊ, म्हणजे पुसट, आणि दुहेरी येतो.

शिळा भात, फरसाण, पाव ठेवू नका. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतो, पिकलेल्या पेरूवर पोपट आणि बुलबुल, कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर कोकीळ. झाड असेल तर वेगळं खाणं कशाला?

कॅमेऱ्यातले आकडे

शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, आपण ठरवायचं; आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ऑटोवर सोडून कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० ठेवायची. शांत बसलेल्या होल्याला १/५०० सेकंद पुरतं. शिंपी, चष्मेवाला, नाचण या चपळ पक्ष्यांसाठी १/१००० ते १/१६००. उडणाऱ्या पक्ष्याला १/२०००, सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२००. अॅपर्चर (लेन्सच्या आतलं छिद्र) ५.६ ते ८. आयएसओ वाढला की दाणे येतात, ते नंतर कमी करता येतात; हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. म्हणून उजेड कमी असताना आधी आयएसओ वाढू द्या, शटर शेवटी उतरवा.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर वापरा, नसेल तर एकच फोकस बिंदू डोळ्यावर. डोळा धारदार असेल तर शेपटी थोडी मऊ असली तरी चालतं, उलटं चालत नाही.

नवशिक्यांचे सर्वांत जास्त फोटो एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्यात, वाया जातात. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा बगळा जळतो आणि त्याच्या पिसांचे पदर नाहीसे होतात. तिथे एक्स्पोजरची भरपाई −०.७ ते −१ करा. ढगाळ आभाळासमोर तारेवर बसलेला कोतवाल नुसती काळी सावली होतो. तिथे +१ ते +१.७. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ फाइलमध्ये, काढा, कारण काळ्यातला तपशील थोडाफार परत येतो. जळलेला पांढरा येत नाही.

वेडा राघू सरावाला उत्तम. तारेवरून किडा धरायला झेपावतो आणि पुष्कळदा त्याच जागी परत येतो. तो गेला की कॅमेरा खाली घेऊ नका. रिकाम्या जागेवर फोकस धरून थांबा. बसलेला पक्षी उडताना काढायचा असेल तर वारा बघा. पक्षी बहुधा वारा येतो त्या दिशेला तोंड करून उडतो, म्हणून वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी असतील अशी बाजू घ्या. तो तुमच्याकडे तोंड करून उठेल.

बाहेर पडल्यावर

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर, गाडी हाच सर्वांत चांगला आडोसा. माणूस उतरला की कापशी घार उडते. गाडी थांबली तर पुष्कळदा बसून राहते. इंजिन बंद करा, नाहीतर थरथर फोटोत उतरते. जुन्या पँटचा एक पाय दोन्हीकडून शिवून त्यात दीड-दोन किलो ज्वारी भरा आणि अर्ध्या उतरवलेल्या काचेवर ठेवा. ट्रायपॉडपेक्षा हे सोयीचं.

माळावर दहाच्या आत आवरा. जमीन तापली की हवा लहरते आणि लांबचा चंडोल किंवा धाविक पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. लोक तेव्हा लेन्सला दोष देतात. उपाय एकच, अंतर कमी करणं किंवा परत जाणं.

खटाव तालुक्यातले मायणी आणि येरळवाडीचे तलाव हिवाळ्यात गाठावेत. रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब या पक्ष्यांसाठी लोक तिथे जातात. पण पाणी किती आहे त्यावर सगळं अवलंबून. तलाव तुडुंब असेल तर पक्षी मध्यावर ठिपक्यांसारखे राहतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की शेकाटे, चमचे हे पक्षी काठाजवळ चरतात. काठावर आडवे पडून पाण्याच्या पातळीवरून फोटो काढा. बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोत नुसता चिखल येतो. थवा माना वर करून थांबला तर तुम्ही फार जवळ गेला आहात. तिथेच बसून राहा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस फुलले की वेगळं कुठे जायची गरज नाही. रस्त्याकडेच्या एका सावरीवर सकाळभरात भोरड्या, साळुंक्या, कोतवाल, बुलबुल येतात. झाडाखाली उभं राहून पोटं टिपण्यापेक्षा शेजारच्या गच्चीवरून किंवा चढावरून फुलांच्या उंचीला या.

महाबळेश्वर, कोयना, चांदोलीकडे उजेडच कमी. शीळकरी कस्तूर काळपट निळा, तोही ओढ्याच्या अंधारात. तिथे एका पायाच्या मोनोपॉडवर १/१२५ पर्यंत उतरा आणि एका दमात आठ-दहा फोटो घ्या. त्यातला एखादा स्थिर निघतो. कोयना आणि चांदोलीच्या संरक्षित जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. कासला वाटेवरूनच काढा. पठारावरचे काही पक्षी जमिनीवर घरटं करतात आणि अंडी मातीच्या रंगाची असतात, पायाखाली कळत नाहीत.

घरट्याचे फोटो काढू नका. नीट दिसावं म्हणून बाजूची पानं वाकवली की कावळ्याला आणि उन्हाला वाट मिळते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत नर पिलांना भरवणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून कॅमेरा त्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करा. एसी गाडीतून बाहेरच्या दमट हवेत उतरताना बॅग लगेच उघडू नका. अर्धा तास बंद राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते आणि ती पुसेपर्यंत पक्षी गेलेला असतो.