साथीनंतर भजन, नमाज, प्रार्थना पुन्हा एकत्र भरवताना : आधी खोलीतील हवा पाहा

कोरोनाच्या साथीत बंद झालेली महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला परत उघडली. या दोन्ही वेळी सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या भजनी मंडळाची आणि पुढे शेजारच्या मशिदीची व चर्चची बैठक सुरू करून देण्याच्या कामात मी होतो. मास्क, सॅनिटायझर आणि जमिनीवरची वर्तुळे यांविषयी पुरेसे सांगून झाले आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही. ज्या गोष्टीकडे जवळजवळ प्रत्येक विश्वस्त मंडळ दुर्लक्ष करते, ती म्हणजे खोलीतील हवा.

पहिले काम म्हणजे बैठक उघड्यावर घेता येते का ते पाहणे. अंगण, गच्ची, मंडप, काहीही चालेल. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वेळ सूर्यास्तानंतरची ठेवावी.

उघडी जागा नसेल, तर खरी परीक्षा पुढे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही बंद सभागृहात भजन ठेवले. निम्मीच माणसे बोलावली, प्रत्येकामध्ये सहा फूट अंतर ठेवले, दारात प्रत्येकाचा ताप मोजला. मात्र रस्त्यावरचा गोंगाट आणि कबुतरांचा त्रास नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. अभंग दोन तास चालले. पुढच्या आठ दिवसांत सहा जण आजारी पडले, त्यात आमचे सर्वांत वयस्क पखवाजवादकही होते. ते बरे झाले, परंतु त्या खिडक्या मीच लावल्या होत्या, आणि म्हणूनच या बाबतीत मी कोणाचीही सबब ऐकून घेत नाही.

अंतर ठेवल्याने तोंडातून उडणारे मोठे थेंब टळतात. बारीक कण मात्र बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात, आणि मोठ्याने गाताना ते बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक बाहेर पडतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जणांना आजार झाल्याचे आढळले आणि दोघांचा मृत्यू झाला. भजनाला हा धोका जसाच्या तसा लागू पडतो.

म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी धुपाची परीक्षा घ्यावी. दारे, खिडक्या आणि पंखे भजनाच्या वेळी असतील तसेच ठेवावेत, धूर दिसेल इतका धूप जाळून धुपाटणे बाहेर न्यावे आणि घड्याळ लावून बसावे. अर्ध्या तासानंतरही कोपऱ्यांत धूर रेंगाळत असेल, तर त्या खोलीत गाऊ नये, हा माझा नियम आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र मिळाले तर अधिक चांगले : बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० भाग असते, माणसे बसल्यावर आकडा ८०० च्या वर जाऊ लागला की आणखी खिडक्या उघडाव्यात किंवा माणसे कमी करावीत.

येथे पंखा, एसी आणि कूलर यांत हमखास गल्लत होते. छताचा पंखा आतलीच हवा घुसळतो आणि स्प्लिट एसी आतलीच हवा गार करतो, त्यामुळे एसी बसवला म्हणून हवा बदलते असे मुळीच नाही. खिडकीत बसवलेला कूलर मात्र बाहेरची हवा आत ओढतो, आणि समोरच्या भिंतीतील खिडकी उघडी असेल किंवा तेथे एक्झॉस्ट पंखा असेल, तर कोंदट हवा तेथून निघून जाते. तोच कूलर खोलीच्या मध्यभागी ठेवला तर हा लाभ मिळत नाही. कबुतरांसाठी खिडकीला जाळी ठोकावी, पण खिडकी उघडीच ठेवावी.

वेळही आखडती घ्यावी. २०२० च्या आषाढीला मानाच्या पालख्यासुद्धा एसटीने पंढरपूरला आल्या होत्या. मग आपले दोन तासांचे भजन पाऊण तासाचे केल्याने भक्तीत काही उणे राहत नाही.

प्रसाद बंद पुडीत द्यावा, तीर्थ थांबवावे, वजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणे) घरून करून यावे व जानमाज (नमाजाची चटई) आपापली आणावी, चर्चमधील प्रभुभोजनाला प्रत्येकास वेगळा पेला द्यावा.

‘ताप असलेल्यांनी येऊ नये’ असा फलक लावून भागत नाही. आजारी माणूस येतो, कारण त्याच्यावाचून पेटी वाजणार नसते किंवा नमाज पढवायला जमातीपुढे उभे राहणारा दुसरा कोणी नसतो. प्रत्येक जबाबदारीसाठी दुसरा माणूस आधीच ठरवून ठेवावा आणि न येणाऱ्याला कारण विचारू नये.

पहिल्या बैठकीत, गाण्याच्या आधी, त्या काळात गेलेल्यांची नावे घ्यावीत. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंत्ययात्रेला आपण जाऊ शकलो नव्हतो. घाईने नेहमीच्या कार्यक्रमाकडे वळलो, तर त्यांच्या घरचे लोक पुन्हा एकटे पडतात.

जे अजून घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्यासाठी मोबाइलवरचे प्रक्षेपण चालू ठेवावे. मोबाइल मुख्य गाणाऱ्याजवळ ठेवावा. टाळकऱ्यांच्या रांगेत ठेवला, तर घरी ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अभंगाचा एकही शब्द कळत नाही.