ग्राफिक्स कार्डाआधी काय काय ठरवाल: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची तयारी

पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी. आधी पडदे ठरवा, कारण कार्डावर ओझं पडतं ते पडद्यांचं. १०८०पी मॉनिटरवर दर फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, साधारण २१ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीला ३७ लाख आणि ४केला ८३ लाख. डावी-उजवी खिडकी दिसावी म्हणून १०८०पीचे तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेत, तर बेरीज ६२ लाखांवर जाते, म्हणजे एका ४केच्या पाऊणपट. शिवाय दृश्य रुंद झालं की जास्त इमारती, जास्त झाडं नजरेच्या टप्प्यात येतात आणि ते काम प्रोसेसरच्याही गळ्यात पडतं. व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्यांचा, विचार असेल तर हिशेब आणखी कडक लावा. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये एकेका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल आहेत, आणि चित्र व्हिडिओ म्हणून दाबून पाठवायचं कामही कार्डालाच करावं लागतं. जुना विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवाला हेडसेट कोणी स्वस्तात देत असेल तर थांबा. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने तो आधारच काढून टाकला आहे.

पडदे ठरले की आत्ताचं मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पैसे इथेच वाया जातात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते दाखवणारी, चौकट उघडा. गजबजलेल्या मोठ्या विमानतळावर, तुमच्याकडच्या सगळ्यात जड प्रवासी विमानात, गेटवर उभे राहा आणि चौकटीतली ‘लिमिटेड बाय’ ही ओळ वाचा. तिथे ‘जीपीयू’ (म्हणजे कार्ड) असेल तर नव्या कार्डाने फरक पडेल. ‘मेनथ्रेड’ (म्हणजे प्रोसेसरचं मुख्य काम) असेल तर दुप्पट ताकदीचं कार्ड लावूनही गेटवर आधीइतकेच फ्रेम दिसतील. एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये डेटा आउटपुटमधून फ्रेम रेट पडद्यावर आणला की सीपीयूचा (प्रोसेसरचा) आणि जीपीयूचा वेळ वेगवेगळा दिसतो. यातलं काहीच जमलं नाही तर सोपी युक्ती: रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढले तर कार्ड दमलेलं होतं, जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. तसं असेल तर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचे बारकावे) आणि विमानतळावरची रहदारी कमी करून बघा, आणि खर्च करायचाच असेल तर मोठ्या कॅशचा, म्हणजे आतल्या जलद मेमरीचा, प्रोसेसर घ्या. एएमडीच्या रायझन प्रोसेसरची एक्स३डी मालिका सिम्युलेटरवाल्यांच्या तोंडी असते ती याचसाठी. ७८००एक्स३डीमध्ये एल३ कॅश ९६ एमबी आहे.

आता कार्डाची मेमरी. माझ्या मते मॉडेलच्या आकड्यापेक्षा याकडे जास्त बारकाईने बघायला हवं. सिम्युलेटरमध्ये कॉकपिटची बटणं, बाहेरची जमीन, विमानतळाचं ॲड-ऑन हे सगळं एकाच वेळी कार्डाच्या मेमरीत बसावं लागतं. नाही बसलं की उरलेलं मशीनच्या रॅममध्ये सांडतं, आणि मग नेमके फायनल ॲप्रोचवर, धावपट्टी समोर असताना, झटके बसायला लागतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’चा आकडा लांब उड्डाणाच्या शेवटी बघा, सुरुवातीला नको. मायक्रोसॉफ्टने फ्लाइट सिम्युलेटर २०२४साठी शिफारस म्हणून ८ जीबी आणि आदर्श म्हणून १२ जीबी सांगितली आहे. १०८०पीवर ८ जीबीत भागतं, पण नवं कार्ड घेताना १२च्या खाली जाऊ नये, आणि ४के किंवा व्हीआरसाठी १६च बघावं. इथे नावाने फसायला होतं: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबीतही मिळतात आणि १६तही. खोक्यावरचं नाव जवळपास सारखंच असतं, मेमरीचा आकडा तेवढा वेगळा. मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३वाला (कार्ड बसतं त्या खाचेची जुनी पिढी) असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ५०६० टीआय आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, त्यामुळे मेमरी भरून सांडायला लागली की जुन्या बोर्डावर ते जास्त जाणवतं.

कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करणाऱ्या डीएलएसएस, एफएसआर आणि मधले फ्रेम स्वतः बनवून घालणाऱ्या फ्रेम जनरेशनच्या जाहिराती वाचून कार्डाची पायरी खाली आणू नका. बाहेरचे ढग आणि डोंगर त्यात छान दिसतात, पण ग्लास कॉकपिटमध्ये (काट्यांऐवजी पडद्यांवर आकडे दाखवणाऱ्या) उंचीचे आकडे भराभर बदलताना मागे पुसटशी शेपटी उरते, आणि सिम्युलेटरमध्ये आपण सर्वाधिक वेळ बघतो ते आकडेच. फ्रेम जनरेशनला मुळात बऱ्यापैकी फ्रेम हातात लागतात, आणि व्हीआरमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवू नये. तसं बघितलं तर प्रवासी विमानाला स्थिर ३० फ्रेम पुरतात. ६०वरून वारंवार ३५वर आपटण्यापेक्षा ते डोळ्यांना कितीतरी बरं. हेलिकॉप्टर किंवा डीसीएस या लढाईच्या सिम्युलेटरमधली लढाऊ विमानं उडवणाऱ्यांनी मात्र जास्त धरावं.

मग पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट. आरटीएक्स ५०७०ला २५० वॅट लागतात, ५०७० टीआयला ३००, आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४, ५०८०ला ३६० आणि ५०९०ला तब्बल ५७५. एनव्हिडिया ५०७०साठी ६५० वॅटचा सप्लाय सुचवते, ५०८०साठी ८५०चा. आठ पिनच्या जोडणीतून १५० वॅट धरतात. दोन जोडण्या असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलच्या दोन फाट्यांवर भागवू नका. सोळा पिनचा प्लग असेल तर तो शेवटपर्यंत आत जायला हवा. कडेला फट दिसत असेल तर काढून पुन्हा लावा, आणि प्लगला लागूनच वायर वाकवू नका. मोठी कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात, तेव्हा कॅबिनेट उघडून आतून टेपने मोजा. पुढे रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा करायला विसरू नका.

कार्डाच्या मागची, पडदे जोडायची तोंडंही मोजा. सहसा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय मिळतं, आणि एनव्हिडियाच्या घरगुती कार्डावर एका वेळी चारच पडदे चालतात. तीन मॉनिटर आणि एक उपकरणांचा छोटा पडदा म्हटलं की जागा संपली. डिस्प्लेलिंकवर, म्हणजे यूएसबीतून चित्र नेऊन, चालणारा पाचवा पडदा लावता येतो, पण त्याचं ओझं परत प्रोसेसरवर.

कंपनी बदलत असाल, म्हणजे एएमडीच्या रेडिऑनवरून एनव्हिडियाचं जीफोर्स किंवा उलट, तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने) साफ करून मगच नवा टाका. कार्ड बसल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तोच विमानतळ, तेच विमान, ढगाळ हवामान आणि संध्याकाळची वेळ घेऊन लांबचं उड्डाण करा, आणि आधीचे आकडे शेजारी ठेवून बघा. जुनं कार्ड तोवर विकू नका.