परसबाग, मांजर आणि घाईचे निष्कर्ष: या चुका टाळा

प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने एकाच नमुन्यावर निष्कर्ष बेतला, तर मी त्याला उलट पावली परत पाठवते. घरी येऊन मात्र टोमॅटोचं एक पिवळं पान पाहिलं की ‘नत्र कमी पडलंय’ असं छातीठोकपणे सांगते आणि खताचा डबा शोधायला लागते. गेल्या काही वर्षांत परसात झालेल्या चुकांची वही चाळली, तेव्हा लक्षात आलं की माहिती नव्हती म्हणून झालेल्या चुका फार थोड्या आहेत. बाकीच्या सगळ्या न मोजता, न थांबता ठरवून टाकल्यामुळे झालेल्या.

पान पिवळं, की लगेच खत

आधी बघा, कुठलं पान पिवळं पडलंय. झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून नत्र कमी पडलं की खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. लोहाचं उलटं आहे. ते झाडाला असं सहज हलवता येत नाही, त्यामुळे शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यातही मातीत लोह असतं, पण माती अल्कधर्मी असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी मातीचा सामू, म्हणजे तिची आम्लता-अल्कता (पीएच), न तपासता खत ओतलं तर फक्त खत संपतं.

आणि माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर? मग ते तहानलेलं नाही, बहुधा मुळं गुदमरलीत. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर झारी खाली ठेवा. माझ्या वहीत पिवळ्या पानांचं सर्वांत जास्त वेळा निघालेलं कारण हेच आहे, आणि ते मान्य करायला सर्वांत जड गेलं तेही हेच.

एकदा मी कुंडी हलवली, खत घातलं आणि पाणीही कमी केलं, तिन्ही एकाच दिवशी. झाड सुधारलं. कशामुळे सुधारलं, ते आजही सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तशाच दुखण्याचं दुसरं झाड मुद्दाम आहे तसं राहू द्या. ते झाड रोज बघवत नाही, हे कबूल. पण तुलनेला तेच लागतं.

‘बियाणंच खराब होतं’

उगवलं नाही असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा उगवून रात्रीत फस्त झालेलं असतं. डार्विनने तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा साफ केली आणि तिथे उगवणारं प्रत्येक रानटी रोप मोजलं. ३५७ रोपांपैकी २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांमुळे. त्याने मोजली म्हणून कळलं. आपण सकाळी रिकामा वाफा बघतो आणि बियांना बोल लावतो. दोन-तीन रात्री बॅटरी घेऊन वाफ्यापाशी जा, चोर सापडतो. मात्र घरात मांजर असेल तर गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकू नका, मांजरांनाही त्या घातक आहेत. गोगलगायी हाताने वेचा.

दिसला किडा की चिरडला, ही सवयही सोडा. एका उन्हाळ्यात मी काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, चिमुकल्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या ब्रशने झाडून चिरडल्या. त्या लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या, मावा खाणाऱ्या. आठवड्याभरात घेवड्याचे शेंडे माव्याने चिकट झाले. परसात काय काय राहतं याचा आपला अंदाज किती तोकडा असतो, हे जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात स्वतःच्या घरामागच्या साध्या बागेत त्या १९७२पासून तीस वर्षं नोंदी करत राहिल्या. यादी २,६७३ प्रजातींवर गेली, त्यात निम्म्याहून कितीतरी अधिक कीटक.

‘आमची भिंगरी काही मारत नाही’

भिंगरी म्हणजे आमची मांजर. वर्षभरात तिने दारात आणून टाकलेल्या शिकारी मी मोजल्या: चार उंदीर, एक सरडा. गरीब मांजर, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. चूक मोजण्यात नव्हती, मोजण्याच्या जागेत होती. अमेरिकेतल्या जॉर्जियात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून केलेला एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिकारीपैकी जेमतेम २३ टक्के घरी आल्याचं दिसलं. २८ टक्के मांजरांनी खाल्ली आणि जवळपास निम्मी मारून जागेवरच सोडली. म्हणजे उंबऱ्यावरचा आकडा हा हिशेबाचा एक तुकडा आहे.

मग आपण गळ्यात घुंगरू बांधतो आणि निश्चिंत होतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, ते २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. घुंगराचा ठळक परिणाम दिसला नाही. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं, धान्यविरहित खाणं दिलं तेव्हा घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी घटल्या. रोज पाच-दहा मिनिटं पिसांच्या काठीशी खेळवलं तर २५ टक्क्यांनी. गळपट्ट्यावर भडक रंगाचं कापडी कडं चढवलं तेव्हा पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले, उंदरांत मात्र फरक नाही, कारण अंधारात रंग कोण बघतो! गळपट्टा घालाच तर ओढ बसताच सुटणारा घ्या, नाहीतर फांदीत अडकून मांजरच लटकेल.

सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे मांजर घरात किंवा जाळीच्या अंगणात ठेवणं. ते जमत नसेल तर निदान पहाटे, सांजवेळी आणि पिल्लं घरट्याबाहेर पडण्याच्या दिवसांत तरी दार बंद ठेवा. आणि मांजर चांगलं की वाईट, या वादात पडू नका. मांजरं उंदीर मारतात, उंदीर भुंगमाश्यांची (बंबलबी) पोळी उद्ध्वस्त करतात आणि लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचं परागण या माश्यांवर अवलंबून, अशी साखळी डार्विनने १८५९मध्येच मांडली होती. एक कडी ओढली की भलतीकडेच काहीतरी हलतं.

जमिनीवर पक्ष्याचं पिल्लू दिसलं की उचलून आणायचं, ही याच विषयातली पोटचूक. पिसं आलेली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच असतात. पिल्लू राहू द्या, मांजर आत घ्या. पिसं नसलेलं उघडं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, हा समज खोटा आहे. पण मांजराने ते तोंडात धरलं असेल, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या तोंडातले जिवाणू लहान पक्ष्याचा जीव घ्यायला पुरे पडतात.

कॅमेरा बोलतो, पण काय बोलतो?

रात्री परसात कोण येतं हे पाहायला मी हालचाल टिपणारा कॅमेरा लावला. पहिल्या दिवशी शेकडो फोटो, सगळे एकाच हलणाऱ्या पानाचे. हे कॅमेरे उष्णतेतला बदल पकडतात. उन्हाने तापलेलं पान वाऱ्याने हललं तरी त्यांना प्राणी वाटतो. समोरची डहाळी छाटा, तोंड पूर्व-पश्चिम दिशेला ठेवू नका, आणि छोट्या प्राण्यांसाठी कॅमेरा गुडघ्याइतक्या उंचीवर लावा.

दुसऱ्या आठवड्यात तर भिंगरी रात्री दोनला कुंपणावर दिसली. रात्रभर ती माझ्या पायाशी झोपलेली होती! ती कुठल्या फटीतून निसटते हे शोधण्यात दोन दिवस गेले. घड्याळ बारा तास चुकीचं लावलं होतं, ती दुपारी दोनला बाहेर होती. कॅमेरा बसवताना हातातलं घड्याळ त्याच्यासमोर धरून पहिला फोटो काढा, हा घोळ तिथेच मिटतो.

इथे प्रयोग नको

लिली घरात किंवा बागेत लावू नका. अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्यांचं पर्मेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषध आणि माणसांचं पॅरासिटामॉल, दोन्ही मांजराला विषच, कारण त्यांच्या यकृताला ती नीट निचरता येत नाहीत. उंदरांचं विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला, तर विष पुढे जातं.

आणि वाफा. भुसभुशीत माती म्हणजे मांजराला आयतं शौचालय. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो आणि ओलसर मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढा, मातीत हात घालताना हातमोजे घाला. गरोदर बाईने हे काम दुसऱ्यावर सोपवलेलं बरं. पेरणी झाल्यावर वाफ्यावर तारेची जाळी आडवी अंथरली की मांजराला उकरता येत नाही आणि रोपं भोकांतून वर येतात. फक्त खोडं जाड होण्याआधी जाळी कापून काढा. मी ती ‘पुढच्या रविवारी’ काढणार होते. शेवटी घेवड्याची सात रोपं जाळीसकट उपटावी लागली.