रात्रीची प्रयोगशाळा : या चुका टाळा

नागपुरात मार्च सरत आला की रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे दिवस आणि रात्री यांची अदलाबदल होते. दुपारी प्रयोगशाळेत उभे राहवत नाही, प्रोजेक्टचा अहवाल परीक्षेच्या आत द्यायचा असतो, आणि रोटाव्हॅप (द्रावक उडवून काढायचे यंत्र) दिवसा कधीच मोकळा सापडत नाही. मग अर्ज येतात : ‘सायंकाळी ६ नंतर काम करण्याची परवानगी मिळावी.’ माझा रात्रीच्या कामाला विरोध नाही, कारण काही अभिक्रिया बारा-चौदा तास चालतात आणि त्या कार्यालयाच्या वेळेला बांधील नसतात. विरोध आहे तो दरवर्षी नव्या तुकडीने त्याच जुन्या चुका तितक्याच आत्मविश्वासाने करण्याला. त्यांतल्या काही येथे लिहीत आहे. ज्या चुकांनी सर्वाधिक डोके खाल्ले आहे, त्यांना साहजिकच जास्त जागा मिळाली आहे.

रिफ्लक्स लावून खोलीवर निघून जाणे

रिफ्लक्स म्हणजे द्रावक उकळत ठेवायचा आणि त्याची वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे पाण्याने गार ठेवलेल्या काचनळीत, थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडायची. या चुकीचे मूळ एका समजुतीत आहे. सायंकाळी रिफ्लक्स लावला, अर्धा तास समोर बसून पाहिले, थेंब नीट परत पडत आहेत, म्हणजे सकाळपर्यंत तसेच पडत राहतील, असे विद्यार्थी धरून चालतो. त्या अर्ध्या तासातली परिस्थिती रात्रभर टिकत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने इथेनॉलमध्ये एस्टरचे जलविघटन लावले होते. सायंकाळी इमारतीत पाण्याचा वापर जोरात असतो, त्यामुळे कंडेन्सरला धार बारीक येत होती. त्याने नळ आणखी दोन फेरे उघडला, प्रवाह मनासारखा झाला, आणि तो जेवायला गेला तो परत आलाच नाही. रात्री अकरानंतर बाकीचे सगळे नळ बंद झाले. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याचा सगळा दाब त्या एका रबरी नळीवर आला. नळी जुनी होती, तोंडाशी तडकलेली होती, आणि कंडेन्सरच्या काचेवर नुसती ढकलून बसवलेली होती. ती निघाली. पाणी हूडमधून (वाफ बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटातून) ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर आणि फरशीवरून खालच्या मजल्यावरील उपकरण कक्षात गेले. तिकडे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आवरणावर रात्रभर ठिबक सुरू होती. वर हॉटप्लेट चालूच होती. इथेनॉल ७८ अंशांना उकळते. कोरड्या पडलेल्या कंडेन्सरमधून ते सगळे उडून गेले, फ्लास्कच्या बुडाशी काळा थर उरला, आणि सिलिकॉन तेलाचा रंग डांबरासारखा झाला. हूडचा पंखा सुदैवाने चालू राहिला होता, म्हणून वाफ साचली नाही आणि आग लागली नाही. सकाळी झाडायला आलेल्या मावशींना जिन्यावरून पाणी उतरताना दिसले, तेव्हा हा प्रकार कळला. विद्यार्थ्याचे म्हणणे एवढेच होते, ‘सर, मी गेलो तेव्हा एकदम बरोबर चालू होतं ना!’ ते खरेही होते.

यावर माझी सवय साधी आहे. नळाचे पाणी थेट कंडेन्सरला जोडू देत नाही. कूलरचा लहान पंप बादलीत सोडायचा, बादलीत पाणी आणि बर्फ टाकायचा, आणि तेच पाणी फिरवायचे. नळी निघालीच तर फार तर एक बादली पाणी सांडते. आपल्याकडे उन्हाळ्यात याचा दुसरा फायदाही आहे. दिवसभर तापलेल्या गच्चीवरील टाकीचे पाणी रात्री दहालाही कोमटच असते. डायइथिल इथर ३४.६ अंशांना आणि डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळते. असले पाणी कंडेन्सरमधून कितीही जोरात सोडले तरी इथर थंड होऊन परत येणार नाही, ते वरच्या वर खोलीत जाईल, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ओट्यावरून सरपटत पलीकडच्या बर्नरपर्यंत पोहोचेल. मे महिन्यात इथरचा रिफ्लक्स नळाच्या पाण्यावर लावणाऱ्याने उत्कलनबिंदूंचा तक्ता एकदा उघडून पाहावा.

पंपाबाबत एक ताकीद मात्र द्यावीच लागते. कूलरच्या पाण्यात हात घालून शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात, आणि बादलीतला पंप हा त्याच जातीचा पंप आहे. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतले अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेला बोर्ड याशिवाय तो लावू नये, आणि बर्फ टाकताना प्लग काढावा, बटण बंद करून भागवू नये. नळीच्या दोन्ही टोकांना तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी आवळावी. एवढे केल्यावरही रिफ्लक्स सोडून जायचेच असेल, तर दारावर कागद लावावा : काय चालू आहे, कोणता द्रावक, किती मिली, किती तापमान, बंद कसे करायचे आणि कोणाला फोन करायचा. रात्री वास आला म्हणून आत शिरलेल्या चौकीदाराला कागदावरून समजले पाहिजे की कोणते बटण दाबायचे. ‘रिॲक्शन चालू आहे, हात लावू नये’ एवढेच लिहिलेला कागद मी फाडून टाकतो.

लाइन गेल्यावर मोबाइलचा टॉर्च शोधणे

मे-जूनच्या वादळात लाइन जाते. पहिला हात खिशाकडे जातो, तो हॉटप्लेटच्या प्लगकडे गेला पाहिजे. बटण फिरवायच्या साध्या हॉटप्लेटला लाइन गेल्याचे भान नसते. ती परत आली की प्लेट पूर्वीच्याच तापमानावर मुकाट्याने तापू लागते, आणि तोवर विद्यार्थी ‘आज काही खरं नाही’ म्हणून चहाला गेलेला असतो. शिवाय लाइन गेली की ढवळणेही थांबते. उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेत ड्रॉपिंग फनेलमधून थेंब मात्र पडतच राहतात, कारण त्यांना वीज लागत नाही. अभिकारक फ्लास्कमध्ये न मिसळता साचतो, आणि लाइन येऊन ढवळणारा चुंबक फिरू लागला की साचलेले सगळे एकदम अभिक्रिया करते. म्हणून आधी फनेलची तोटी बंद करावी, मग प्लग काढावा, मग हूडची काच पूर्ण खाली ओढावी, कारण पंखा थांबलेला हूड हे नुसते कपाट असते. अंधारात एवढे करता येण्यासाठी विजेरी ठरलेल्या खिळ्यालाच टांगलेली असावी. ती तिथून नेणाऱ्याशी मी दोन दिवस बोलत नाही.

‘एकटा नाही, पलीकडे कोणीतरी आहे’

एकट्याने काम करू नये, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. तो मोडण्याच्या युक्त्याही सगळ्यांना पाठ आहेत. सर्वांत लोकप्रिय युक्ती म्हणजे नोंदवहीत मित्राचे नाव लिहायचे आणि मित्राने वसतिगृहात झोपायचे. दुसरी म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा. कॉलवरचा मित्र तुमचा अपघात पाहू शकेल, पण आग विझवायला किंवा डोळ्यावर पाणी मारायला तो येणार नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठात एप्रिल २०११ मध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रसायनशास्त्राच्या इमारतीतील यंत्रशाळेत रात्री एकटीच लेथवर काम करत होती. तिचे केस यंत्रात अडकले आणि त्यात तिचा मृत्यू झाला. इमारतीतील इतर विद्यार्थ्यांना ती सापडली, पण तोवर उशीर झाला होता. अभ्यासात ती अतिशय हुशार होती. असल्या प्रसंगी बंद करायचे बटण हाताच्या अंतरावर असूनही त्याचा उपयोग होत नाही, कारण ते दाबायला दुसरा माणूस लागतो.

दुसरी घटना मी मुद्दाम सांगतो, कारण तिथे सोबत होती. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी, नाताळच्या सुट्ट्यांत, एक २३ वर्षांची संशोधन साहाय्यक टर्ट-ब्युटिल लिथियम सिरिंजने काढत होती. हे द्रव्य हवेच्या संपर्कात येताच पेटते. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, द्रव्य अंगावर उडाले आणि कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला. तिने ॲप्रन घातलेला नव्हता. जवळ सहकारी होते आणि ते धावलेही, पण त्या धावपळीत आपत्कालीन शॉवरचा वापर झाला नाही. अठरा दिवसांनी ती रुग्णालयात मरण पावली. म्हणून सोबतीच्या नावापुढे मी तीन प्रश्न तोंडी विचारतो : शॉवर कुठे आहे, कोरड्या वाळूची बादली कुठे आहे, आणि मुख्य दाराची किल्ली आत्ता कोणाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण अडतात. आपल्या इमारतींना रात्री बाहेरून कुलूप लागते, चौकीदार गेटवर असतो, आणि मागच्या जिन्याचे लोखंडी दार कोणी उघडल्याचे कोणालाच आठवत नसते. काम सुरू करण्याआधी खाली जाऊन चौकीदाराला सांगावे, त्याचा नंबर घ्यावा आणि बाहेर पडायचा रस्ता एकदा चालून पाहावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि कशासाठीही ११२, हे आकडे फोनमध्ये असतातच. त्यांना आपल्या इमारतीचा पत्ता कसा सांगायचा, ते ठरलेले नसते. ‘मोठ्या झाडाजवळची जुनी बिल्डिंग’ या पत्त्यावर गाडी येत नाही. एकाने जखमीजवळ थांबावे आणि दुसऱ्याने गेटवर जाऊन उभे राहावे. आम्ल किंवा अल्कली डोळ्यात गेल्यास आधी निदान पंधरा मिनिटे पाणी आणि मग मेडिकल, हा क्रम घाबरून उलटा करू नये. आणि उन्हाळ्यात आय-वॉशचे (डोळे धुण्याच्या नळाचे) पाणी आधी थोडे वाहू देऊन हातावर पाहावे, कारण उन्हात तापलेल्या नळातील पहिले पाणी चटका देते. ही तपासणी रोज काम सुरू करतानाच करायची असते, डोळा जळत असताना नव्हे.

कूलर हूडकडे तोंड करून लावणे

ही खास आपल्याकडची चूक आहे आणि ती दर एप्रिलमध्ये होते. चांगला हूड साधारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा आत ओढतो. समोरून कूलरचा झोत त्याच्या कितीतरी पट वेगाने आला की हूडमधली वाफ सरळ तुमच्या नाकाकडे फिरते. कूलर हूडच्या काटकोनात, शक्य तितका दूर ठेवावा. ज्या खोलीत सोडियम उघडायचे तिथे तो बंदच असावा, कारण त्याची ओली हवा सोडियमला चालत नाही.

घाईने आवरणे

वसतिगृहाचे दार बंद व्हायच्या बेतात असते आणि फ्लास्कमध्ये उरलेले सोडियम हायड्राइड असते. अशा वेळी ‘थोडं पाणी टाकलं की झालं’ हा विचार येतो. हायड्रोजन सुटतो, उष्णता सुटते, आणि दोन्ही एकत्र आले की काय होते ते लिहायला नको. बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये, नायट्रोजनखाली, आयसोप्रोपेनॉल थेंबाथेंबाने घालत हे काम करायचे असते आणि त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतो. आवरायला लागणारा वेळ कामाच्या वेळेत धरलाच जात नाही, ही माझी कायमची तक्रार आहे. रात्री ९ ला बाहेर पडायचे असेल तर ८ नंतर नवे काही सुरू करू नये, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या वेळेबाबत विभागाने आधीच पत्र द्यावे, म्हणजे कोणावर ही धावपळ येणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रात्र आहे, कोणी पाहत नाही म्हणून चप्पल घालून येऊ नये. ओढणी आणि सुटे केस बांधावेत. इथरची बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण त्याच्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरेशी असते. नायट्रिक आम्लाचा टाकाऊ भाग ॲसिटोनच्या बाटलीत ओतू नये आणि टाकाऊ द्रवाच्या कोणत्याही बाटलीचे झाकण घट्ट आवळू नये. एसी लावलेल्या बंद खोलीत द्रव नायट्रोजन ओतू नये. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि तो प्राणवायूला बाजूला सारतो. त्याचे भांडे लिफ्टने न्यायचे असेल तर भांडे एकटे पाठवावे, आपण जिन्याने जावे. ओव्हनमध्ये द्रावकाने ओली काच ठेवू नये. डबा प्रयोगशाळेत उघडू नये, मग बाहेर कितीही अंधार असो.

कोणते काम रात्री मुळीच करू देत नाही, हे दरवर्षी विचारले जाते, म्हणून लिहून ठेवतो : ब्युटिल लिथियम, हायड्रोफ्लोरिक आम्ल, सोडियमवरील द्रावकांचे ऊर्ध्वपातन, दाबाखालील हायड्रोजन, पिरान्हा द्रावण (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण), आणि विद्यार्थी पहिल्यांदाच करत असलेली कोणतीही अभिक्रिया. टीएलसी आणि कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या दोन पद्धती), वजने, स्पेक्ट्रा, पुनःस्फटिकीकरण आणि लिखाण यांसाठी रात्र मोकळी आहे. पहिल्या यादीतल्या कामाचा अर्ज आला तर तो गाइडची सही असली तरी परत जातो, आणि वेळेच्या रकान्यात मी ‘सकाळी १०.३०’ असे लिहून देतो.